शिट्टी कोणाची?

तुमचा हल्लीचा कुकर म्हणे वेळ झाली की आपणहून बंद होतो. आमच्या सोलापूरच्या घरात सत्तरच्या दशकात आलेल्या कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या लागत. तेव्हा मी शाळेत शिकवत होते. कुकर होता म्हणून स्वयंपाक उरकून साडेदहाची घंटा गाठता येई. वरणाला चार शिट्ट्या. मी वेणी घालता घालता ऐके आणि दर शिट्टीला दारावर खडूने एक रेघ मारी.

इतकं करूनही एका आठवड्यात दोनदा डाळ कच्ची राहिली. सासूबाईंनी निकाल दिला, "आनखी एकदा असं झालं की ह्यो कुकर माळ्यावर. चुलीवर शिजव, मग जा शाळंला."

चूल म्हणजे रोज उशीर, आणि रोज उशीर म्हणजे नोकरीला रामराम.

"पण आई, मी चार रेघा मारल्यात!"

"रेघा तुझ्या, शिट्ट्या शेजारनीच्या, आन् दात माझं."

खरंच होतं. शेजारी तेलुगू विणकर कुटुंब राही. मधली भिंत छपरापर्यंत पोचलेली नव्हती. शेजारीण आणि मी नवी पेठेत एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकसारखे कुकर आणले होते. दोन्ही शिट्ट्या इतक्या सारख्या की माझा कान त्यांना एकाच रांगेत उभं करी.

दुसऱ्या दिवशी, कुकरला कधी हात न लावणाऱ्या सासूबाईंनी त्याच्या दांड्याला दोऱ्याने स्टीलचा चमचा टांगला. शिट्टी होताना कुकर थरथरे आणि चमचा त्यावर आपटे.

"खणखणली ती आपली. नुसती किंचाळली ती त्येंची."

त्या दिवशी वरण लोण्यासारखं झालं. सासूबाईंनी बराच वेळ कच्चा दाणा शोधला. "बरं हाय," त्या नाइलाजाने म्हणाल्या.

पुढे एका इंग्रजी पुस्तकात मी वाचलं, की जे आवाज एकाच वेळी सुरू होतात आणि एकाच वेळी थांबतात, त्यांना कान एकच वस्तू समजतो; जशी आमची शिट्टी आणि चमचा. सासूबाईंना वाचून दाखवलं. "लिवनाऱ्याच्या शेजारी बी कुकर असंल," त्या म्हणाल्या.

पण चमचा बांधल्यापासून आठच दिवसांत भिंतीपलीकडूनही शिट्टीबरोबर खणखण ऐकू आली. शेजारीण ओरडली, "अम्मा, तुमची आयडिया लई झकास की! मी पन चमचा बांधला!"

माझा खडू हवेतच राहिला. दहा वाजत आले होते. सासूबाई शांतपणे उठल्या, चमचा सोडला आणि देवघरातली पितळी घंटा आणून कुकरला बांधली.

"अहो आई, देवाची घंटा!"

"मग? नैवेद्याला त्येला बी शिजल्यालंच वरण लागतं की."