लखन बोरसेचा आखूड चेंडू

सुरतेतल्या डिंडोलीच्या लूम कामगारांच्या वस्तीतून भारताच्या संघापर्यंत पोचला तो एकटा लखन बोरसे. त्याचा बाप उखा खानदेशातल्या शिरपूरकडून सुरतेला आला आणि कापडाच्या लूमच्या खडखडाटात त्याचा जन्म गेला. घरात सगळे मोठ्यानं बोलायचे. लखन मात्र अबोल. जे काही सांगायचं ते तो चेंडूनं सांगे. आधी गुजरातकडून रणजी खेळला, मग अंगावर निळा शर्ट चढला. एकदिवसीय सामने मिळाले दोनच. दुसऱ्यात त्याला असा काही चोपला, की निवड समितीनं त्याला ‘विश्रांती’ देऊन टाकली.

तो घरी आला तर वस्तीनं सत्कार ठेवला. सकाळी हारनारळ झालं, नंतर मैदानावर मैत्रीचा सामना. फलंदाजीला वैभव आला. लहानपणी दोघं एकाच बॅटनं खेळलेले. आता वैभव डाइंग मिलमध्ये कामाला होता. त्यानं हेल्मेट घातलं नव्हतं. लखन हळूच टाकणार, हे सगळ्यांनीच धरून ठेवलं होतं.

वैभवनं पहिल्याच चेंडूवर खणखणीत चौकार मारला. गर्दीतून कुणीतरी गुजराती हेलात ओरडलं, “लखनभाई, टीव्हीवर पण असाच मार खाल्ला ने!”

हशा पिकला. वैभवही हसला. लखनची कानशिलं तापली. तो चालत चालत पार मागे गेला आणि जीव तोडून धावत आला.

आखूड पडलेला चेंडू उसळून वैभवच्या जबड्यावर बसला.

दवाखान्यात वैभवचा जबडा तारेनं बांधला होता. त्याची बायको हर्षदा उशाशी बसली होती. तिनं विचारलं, “भाऊ, कसं झालं हो हे?”

“हातातून सुटला, वहिनी,” लखन म्हणाला.

वैभवनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याला तर बोलताही येत नव्हतं. लखनला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं. तरीही खरं काही तोंडातून निघालं नाही.

पुढच्या मोसमात तो पुन्हा रणजी खेळला. कर्णधार छातीवर हात ठेवून आखूड चेंडूची खूण करी. लखनच्या डोळ्यांपुढे भिंतीकडे वळलेलं ते तोंड येई आणि चेंडू फलंदाजाच्या पायाशी पडे. फलंदाज त्याला आरामात झोडपत. अखेर त्याला संघातून काढलं. पाठ दुखावली, असं पेपरात आलं. लखननं तेही चालवून घेतलं.

मग तो वस्तीतल्याच मैदानावर गोलंदाजी शिकवू लागला. एका संध्याकाळी वैभव तिथं आला. जबडा जुळला होता, पण जरा वाकडाच.

“खरं सांग, मी चौका मारा म्हनीसन टाका ना?” त्यानं घरच्या अहिराणीत विचारलं. मी चौकार मारला म्हणूनच तसा टाकलास ना, असं.

“हा,” लखन खाली मान घालून म्हणाला.

“ते मी तेव्हाच ओळखलं. लागलं त्याचं काही नाही रे. पण हर्षदा तुझ्या शब्दावर विसंबून आहे. तुला कुणी बोल लावला की भांडायला उठते. तिला कशाला फसवलंस?”

लखन तसाच त्यांच्या घरी गेला. हर्षदा साडीवर खडे चिकटवत बसली होती. तो दारातच उभा राहिला. “वहिनी, तो चेंडू सुटला नव्हता. मी रागानं मारला होता.”

तिचा हात थांबला.

“त्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते,” ती म्हणाली. “आता काय बोलू? शेजारच्या बायका माझ्या तोंडावर म्हणायच्या, मुद्दाम मारलं म्हणून. मी त्यांना खोटं पाडलं.”

“मी सांगतो त्यांना.”

“सांगा. आणि भाऊ, काही दिवस आमच्याकडे येऊ नका.”

लखननं मान डोलावली. शेजारच्या ओट्यावर तीन-चार बायका साड्या घेऊन बसल्या होत्या. त्याला येताना पाहून त्यांनी डोक्यावरचे पदर सावरले, एकीनं कौतुकानं पाट पुढे सरकवला. लखन बसला नाही. हर्षदाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तो बोलू लागला.