आलमारीची जागा

टेम्पोचा फाळका लावला तरी माझी जाऊ नर्मदा त्याला धरून उभी होती. काखेत गाठोडं. सकाळपासून तयार होऊन ओट्यावर बसली होती.

"मले काऊन नाई नेत वं बाई?"

"जागा नाई काकू. मागून नेतो तुले," माझा मुलगा म्हणाला आणि त्यानं तिची बोटं फाळक्यावरून सोडवली. मी पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. उतरले नाही.

असं समुद्रपूरकडचं गाव सोडून मी वर्ध्याला नालवाडीत, मुलाच्या दोन खोल्यांत आले. आम्ही दोघी विधवा, तिला मूलबाळ नाही. चाळीस वर्षं एका घरात राहून एका वाडीत वांगी-मेथी लावली आणि हायवेवरच्या जाम गावच्या चौकात एका पोत्यावर बसून विकली. ती मापात हात सैल सोडायची. "तू तं घर वाटून टाकशील," मी म्हणायची. गावात राहिलेल्यांना हे माहीत आहे. पुढचं माहीत नसेल.

इथे नातीच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला गोष्ट सांगायला आज्यांना बोलावतात. मी चौथी शिकलेली. मॅडमनं फळ्यावर चार चौकोन काढले: पात्रं, ठिकाण, अडचण, शेवट. मला ऐनवेळी दुसरं काही सुचलं नाही. हेच सांगितलं, दोन बायकांची गोष्ट म्हणून. टेम्पो निघाला तिथे थांबले.

"अडचण काय होती?" मॅडमनं विचारलं.

"गाडीत जागा नव्हती," नात म्हणाली.

"गाडीत काय होतं?" पुढच्या बाकावरची एक पोरगी.

"पलंग, भांडी, आलमारी," मी म्हणाले.

"मंग आलमारी काऊन नाई ठेवली तिथं?"

"का नाही ठेवली, असं म्हणायचं," मॅडमनं सुधारलं. "आता आजी सांगतील."

आलमारी न्यायची का, हे मुलानं मला विचारलं होतं. मी हो म्हणाले होते.

मॅडम भली बाई. म्हणाली, शेवट मुलं लिहितील. मुलांनी लिहिलं, टेम्पो परत गेला आणि दुसऱ्या आजीला आणलं. मग मॅडमनं क्रियापदाखाली रेघ मारायला लावली. साऱ्या वर्गानं 'आणलं'खाली रेघ मारली.

आलमारी पलंगाला लागून उभी आहे. एकच दार उघडतं. सुनेची पांघरुणं असतात तिच्यात, आणि गावच्या घराची दुसरी किल्ली; एक नर्मदेकडे होती. घर म्हणायला माझ्याकडे तेवढंच आहे.

नर्मदेला आणायला कुणी गेलं नाही. पोळ्याच्या आधी ती त्याच ओट्यावर वारली. मी आहे.