बिनफीचे वकील

आमच्या यांनी आयुष्यात एकच बल्ब फोडला, आणि तोही दुसऱ्याच्या घरात शिरून.

एकाहत्तरची लढाई सुरू झाली तेव्हाची गोष्ट. जबलपूर पडलं फॅक्टऱ्यांचं गाव, तोफगोळे इथेच बनायचे, म्हणून ब्लॅकआउट जरा जास्तच कडक. हे फॅक्टरीत मशीनवर होते. दिवसभर तिथे घाम गाळायचे, आणि संध्याकाळी दंडाला ब्लॅकआउट वॉर्डनची पट्टी बांधून, शिटी न् काठी घेऊन दीक्षितपुऱ्यापासून सराफ्यापर्यंतच्या गल्ल्या पालथ्या घालायचे. कोणाच्या फटीतून उजेड दिसला की खालून ओरडायचे, बत्ती बुझाओ! अर्धी लढाई आपणच लढून राहिलो असं यांना वाटायचं. मी म्हणायची, सरकारला कळवा, म्हणजे उरलेली अर्धीही तुमच्याकडेच देतील.

सराफ्यात एका सोनाराकडे लग्नाची ऑर्डर होती. त्याच्या माडीवरचा दिवा काही विझेना. सांगून झालं, ओरडून झालं. एका संध्याकाळी यांचं डोकं फिरलं. जिना चढून सरळ आत गेले आणि काठीनं बल्ब फोडला. काच सोनाराच्या कपाळावर पडली, रक्त आलं. तो कपाळाला रुमाल लावून तसाच ठाण्यावर गेला. घरात घुसून मारपीट, अशी रिपोर्ट लिहिली गेली. ज्या साहेबांनी यांना पट्टी बांधली होती त्यांनी हात वर केले. म्हणाले, शिटी वाजवायची परवानगी होती, जिना चढायची कोणी दिली होती? ठाण्यातून जामिनावर सुटून घरी आले तेव्हा मात्र यांची छाती फुगलेलीच होती. जसं काही सीमेवरून आले.

मग कोर्टाचं बोलावणं आलं. वकील कोणता करायचा यावर आमच्याकडे चर्चा झालीच नाही. जबलपुरात मराठी माणूस डॉक्टर कोणताही चालवून घेईल, पण वकील त्याला आपलाच लागतो. आणि आपले वकील म्हणजे काका. माझ्या सासऱ्यांचे मित्र, दोघं तरुणपणी नागपूरकडून बरोबरच इकडे आलेले. यांचा नोकरीचा अर्ज काकांनी लिहिला, आमचं लग्न काकांनी जमवलं, दीक्षितपुऱ्यातली खोलीसुद्धा त्यांनीच मिळवून दिली. फी घ्यायचं नाव नाही, वरून आपल्यालाच चहा पाजणार.

काकांनी कागद वाचले, चष्मा पुसला आणि सांगितलं की शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, चढावीच लागली तर लवकर उतरावी. कबूल करून टाक. किरकोळ दंड होईल, तो भरू आणि मोकळे होऊ. हे तर खूशच झाले. नाहीतरी यांना बल्ब फोडल्याचं भर कोर्टात सांगायचंच होतं. मॅजिस्ट्रेट ऐकून पाठ थोपटतील अशी यांची समजूत.

माझ्या मात्र मनाला काही चैन पडेना. काय खुपतंय ते सांगता येत नव्हतं. भाजीत मीठ दोनदा पडायचं. बसले की उठावंसं वाटायचं, उठले की कशाला उठले ते आठवायचं नाही.

कळलं ते पिठाच्या चक्कीवर. तिथे डबा घेऊन उभी असताना एक बाई भेटायची, आपल्याच वर्धेकडची. तिचा नवरा आधी आमच्या यांच्याच फॅक्टरीत होता, आता कमानिया गेटजवळ सायकलींचे पंक्चर काढायचा. नोकरी काहून सोडली, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी आमची रामकहाणी सांगितली तेव्हा तिनं हातातला डबा खाली ठेवला. एका दिवाळीत तिचा नवरा पैसे लावून पत्ते खेळताना पकडला गेला होता. दिवाळीला इथे कोण खेळत नाही? त्यालाही असंच कोणीतरी सांगितलं, कबूल कर, मोकळा हो.

"कबूल केलं, दंड भरला, येताना जिलेबी घेऊन आले. आम्ही सगळ्यांनी खाल्ली बाई, पोटभर," ती म्हणाली. "मग फॅक्टरीचं पत्र आलं. गुन्हा शाबीत झालेला माणूस त्यांना नको होता."

तिचा आवाज चढला नाही, डोळ्यात पाणीही नव्हतं. यांचा दंड किती होईल एवढंच आम्ही बघत होतो. कबूल म्हटल्यावर कपाळावर काय शिक्का बसतो, आणि तो फॅक्टरीच्या दारात कोण वाचतो, हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं. तेव्हापासून सकाळी फॅक्टरीचा भोंगा झाला की हातातलं काम तसंच राहायचं. पुढच्या महिन्यात हा आपल्यासाठी वाजेल का, हेच मनात.

घरी येऊन यांना सांगितलं. म्हणाले, पत्ते खेळणं वेगळं आणि देशाचं काम वेगळं. शिवाय काकांना काय तुझ्यापेक्षा कमी समजते? झालं. काकांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य.

दुसऱ्याच दिवशी मी एकटी कोर्टकचेरीत गेले. चक्कीवालीनं, म्हणजे त्या वर्धेकडच्या बाईनं, एका वकिलाची खूण सांगितली होती, कडुलिंबाखाली टेबल टाकून बसतात, तोंडात सदा पान. त्यांच्या बाकावर एक खिसेकापू, एक दारू गाळणारा आणि मधे मी, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेली. कोणी ओळखीचं दिसलं तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण त्या माणसानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, भैया नौकरी कहाँ करते हैं? काकांनी हा प्रश्न विचारलाच नव्हता. त्यांना माहीतच होतं ना! उत्तर ऐकून वकिलांनी पान थुंकलं. कबूल अजिबात करायचं नाही, म्हणाले. नाही म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. ज्यानं आरोप केला त्यानं तो सिद्ध करावा, एवढंच. मधल्या काळात सोनाराचा राग उतरेल, समझौता होईल, आणि समझौता म्हणजे माणूस बेदाग सुटला. एकच अडचण होती. वकीलपत्र आधीच काकांच्या नावावर होतं. "पहले उनसे लिखवा लाइए कि उन्हें एतराज़ नहीं," म्हणाले.

आता आली पंचाईत. फी घेणाऱ्या वकिलाला हिशेब चुकता करून नमस्कार करता येतो. ज्यानं फीच घेतली नाही त्याला काढायचं कसं?

काकांच्या ओसरीवर जाऊन बसले. चक्कीवालीची हकीकत सांगितली, कागद पुढे केला. वाटलं, आता काका चिडणार, आमची हयातभराची ये-जा तुटणार. काकांनी कागद दोनदा वाचला. मग सही केली, आणि खालमानेनं म्हणाले, "सूनबाई, जन्मभर मी शेताच्या बांधांच्या केसेस लढलो. फौजदारीत उभं राहायचं म्हटलं, दारोगाला उलट प्रश्न विचारायचे म्हटलं, की माझी जीभच वळत नाही. म्हणून म्हटलं, कबूल करा."

खोटं कशाला सांगू, मला संताप आला. भीती काकांची आणि नोकरी आमची! मी विचारलं, मग आधीच काहून नाही सांगितलं काका? तर म्हणाले, तुम्ही इतक्या भरवशानं आले, की नाही म्हणवेना. त्या उत्तरानं माझा राग निम्मा उतरला, निम्मा राहिला. एवढं तरी करा, म्हटलं, यांना तुम्ही स्वतः सांगा, माझं ऐकत नाहीत. ते मात्र काकांच्यानं होणार नव्हतं. ज्या मुलाला बोट धरून शाळेत नेलं त्याच्यासमोर मी भ्यालो होतो, असं कसं म्हणायचं?

म्हणजे कागद मिळाला आणि नवरा हातचा गेला. वकील बदलल्याचं कळताच यांनी घर डोक्यावर घेतलं. काकांचा अपमान केला, गुंडांच्या वकिलाकडे गेली, खानदानाची अब्रू घालवली. शेवटी काकांची सही पाहून नव्या वकीलपत्रावर सही केली, पण निक्षून सांगितलं, तुझा वकील काय बोलायचं ते बोलो, मला विचारलं की मी काकांनी सांगितलं तेच सांगणार. पेशीपर्यंत, म्हणजे कोर्टाच्या तारखेपर्यंत, आमचं बोलणं बंद होतं. ताट वाढायचं, ताट उचलायचं.

पेशीच्या दिवशी लढाई संपून गेली होती. रात्री गावभर पुन्हा दिवे लागत होते, कोर्टाच्या खोलीत भरदिवसा पिवळा बल्ब जळत होता, आणि बल्ब फोडल्याच्या गुन्ह्यासाठी हे इस्त्रीचा शर्ट घालून उभे. लढाईत जो शूर वाटला असता तो आता नुसता तऱ्हेवाईक दिसत होता. सोनार एका बाजूला, कपाळावर बारीकशी खूण. मी मागे भिंतीला टेकून उभी.

मॅजिस्ट्रेटनी कागदावरून वाचून विचारलं, जुर्म कबूल है? आमच्या वकिलांनी यांच्याकडे रोखून पाहिलं. यांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. छाती काढली, तोंड उघडलं, आणि सवयीनं, काकांना शोधत, दाराकडे मान वळवली. दारात काका उभे होते. दिवाणी कोर्टातून तसेच आले असावेत, अंगात काळा कोट, काखेत फायली. मला कल्पनाही नव्हती की ते येतील. यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि काकांनी मान हलवली. नाही. पुन्हा एकदा हलवली. कोर्टातले इतर वकील बघून राहिले होते, तरी हलवली.

यांनी उघडलेलं तोंड मिटलं. मॅजिस्ट्रेटनी पुन्हा विचारलं.

"नहीं, हुज़ूर," हे म्हणाले.

बाहेर आल्यावर यांनी काकांना गाठलं. तुम्हीच तर सांगितलं होतं, म्हणाले. आजूबाजूला काकांचे बरोबरीचे वकील, त्यांचे मुनशी, पक्षकार, सगळी गर्दी. काका तिथेच, सगळ्यांदेखत बोलले, "मला नाही समजत रे यातलं. मी भ्यालो होतो." यांनी काकांच्या काखेतल्या फायली घेतल्या आणि दिवाणी कोर्टापर्यंत त्यांच्या मागे मागे चालत गेले.

येताना कमानिया गेटपाशी हे थांबले. जिलेबी तळून राहिले होते, घेऊ का म्हणाले. आठवड्याभरानं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते. मी हाताला धरून यांना ओढत पुढे नेलं. म्हटलं, निकाल लागल्याशिवाय नाही.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, तारखांवर तारखा पडल्या. शेवटी सोनारच थकला. समझौता झाला, हे बेदाग सुटले, नोकरी राहिली. त्या दिवशी मी स्वतः जाऊन गरम जिलेबीचे दोन पुडे बांधून घेतले. एक काकांच्या हातात दिला. दुसरा चक्कीवालीसाठी होता. तिनं नसतं सांगितलं तर आम्हीही बसलोच होतो रस्त्यावर. तिच्या गल्लीत गेले. दार उघडं होतं, ती आत पोरांना वाढत होती, नवरा ओट्यावर सायकलची ट्यूब घासत बसला होता. मला पुढे पाऊलच टाकवेना. पुडा पदराखाली धरून मी आल्या पावली परत फिरले.