शेजारच्या बाळाची हाक

माझं दूध लेकीला पुरत नाही, या काळजीनं मी अर्धी झाले होते. आई अळिवाची खीर करून घालायची, सासूबाई शतावरी घातलेलं दूध द्यायच्या. मी सगळं निमूट घ्यायची. परवा लेकीला लस टोचून घ्यायला दवाखान्यात बसलो होतो. शेजारी बसलेल्या बाईंचं तान्हं बाळ कळवळून रडलं आणि माझा ब्लाउज ओला झाला. मी घाईनं पदर सावरला. त्या हसल्या. "अगं, माझ्या लेकराचंही ऐकलंस की!"

मलाही हसू आलं. काळजीनं अडणारा पान्हा हाकेसरशी फुटतो. मूल कुणाचं, हेही विचारत नाही. लेकीला पदराखाली घेतलं. ती घटाघटा पिऊ लागली. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं.

"थांबा जरा," मी म्हणाले, "तिचं पोट भरू दे."