टायरवाल्याचं ‘या’

महाडच्या नाक्यावरच्या टायरवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पावसाळ्यात माझी पिकअप पोलादपूरच्या घाटात असते, म्हणून आमची गाठ नेहमीची. टायर घ्यायला आलेल्याला तो आधी विचारतो, "उतरताना गाडी भरलेली हाय की रिकामी?" रिकामी म्हटलं की आधी मागची चाकं बघतो.

दुकानासमोरच्या डबक्यातून निघालेली गाडी शेडखालच्या कोरड्या लादीवरून रस्त्याला लागते. तेव्हा तो वाकून चाकांचा ओला ठसा बघतो. टायरची नक्षी नीट उठलेली दिसली, की ‘येतो’ म्हणणाऱ्याला मान हलवून म्हणतो, "या, या."

परवा मी दोनच नवे टायर घेतले आणि पुढे घातले. वळतात ती पुढची चाकं, असं आम्ही सगळेच ड्रायव्हर मानतो.

"नवं मागं घाल रे. उतरताना तुझी गाडी रिकामी, ती मागनं घसरते," तो म्हणाला.

"पुढच्या खेपेला," मी म्हटलं. घाटात कापडे गावाच्या पुढे धुक्याने रस्ता दिसत नाही, असं वरून आलेले सांगत होते; धुकं वाढायच्या आत मला निघायचं होतं.

मी गाडी काढली. आरशात पाहिलं, तर मागच्या चाकांचा ठसा फडक्याने पुसल्यासारखा सपाट उठला.

"येतो," मी म्हणालो.

तो ठशाकडे बघत राहिला. ‘या’ म्हणालाच नाही. माझा पाय क्लचवरून उठेना.