फिका चहा

नळाला पाणी यायचा दिवस उलटला, की पडेगावातली आमची गल्ली त्या नळाच्या नावानं बोटं मोडायची. शेजारचे काका मात्र नळाला पाइप लावून ओट्यावर निवांत बसलेले असायचे.

"येईल ना. जातंय कुठं?"

काकूंच्या बोलण्याबद्दलही त्यांचं हेच म्हणणं. लकव्यानं काकूंची वाचा गेली होती. हातपाय हळूहळू सुधारले, तोंडातून शब्द काही फुटेना. काका दर शनिवारी खुलताबादला मारुतीच्या दर्शनाला जात. नवस बोला, असं कुणी सुचवलं की हसत.

"त्याला ठाऊक हाय की. उगं घाई कशाला करायची?"

आता माझी खोड सांगते. शेजारी काय चाललंय हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. हे बघून तुम्हालाही पडलं नसतं. काका रोज सकाळी ओट्यावर दोन कप चहा आणायचे. एक काकूंना द्यायचे. काकू घोट घेऊन तोंड वाकडं करायच्या, डोळे वटारायच्या. काका कान पुढं करून थांबायचे. मग तो कप स्वतःला घेऊन दुसरा त्यांना द्यायचे.

शेवटी न राहवून विचारलंच, "काका, हा काय प्रकार?"

चोरी पकडली गेल्यासारखे हसले. "पहिल्यात साखर नसती. साखर कमी पडली की लई भांडायची माझ्याशी. भांडण अजून हाय तिच्यात, डोळ्यात दिसतंय ना? येईल."

"आणि तो फिका चहा तुम्हाला आवडतो?"

"नाय बा! पर तिला कसा प्यायला लावू?"

गेल्या उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि काका गेले. काकूंजवळ त्यांची लेक येऊन राहिली. काकांचं दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी मी चहा करून नेला. चांगला गोड. काकू ओट्यावरच बसल्या होत्या. कप हातात घेतला, पण ओठाला लावेनात. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"फि... फिका," त्या म्हणाल्या. "मला."

माझ्या अंगावर काटा आला. काका, आला हो शब्द! ज्यानं रोज कान लावला त्याला सोडून तो माझ्यासारख्या भोचक बाईला ऐकू यावा, याचं मला फार वाईट वाटलं. डोळे पुसत घरात जाऊन बिनसाखरेचा चहा केला.

बाहेर आले, तर गोड चहाचा कप काकूंनी काकांच्या जागेवर ठेवला होता. माझ्या हातातला फिका त्यांनी घेतला आणि तोंड जराही वाकडं न करता शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या.