चिंचेच्या कोळातला पंप

आमच्या घरी कूलर आला तेव्हा मी दहावीत होते. सत्तरचं दशक अर्धं उलटलं होतं. नागपूरच्या प्रताप नगरात त्या काळी घरं विरळ आणि मोकळे प्लॉटच जास्त. एप्रिल लागला की त्या मोकळ्या जागेवरून अशी झळ यायची, की दुपारी खिडकीच्या गजाला हात लावायची सोय नसे. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी महाल या जुन्या वस्तीतल्या एका कारागिराकडून पत्र्याचा कूलर बनवून घेतला, सायकलरिक्षात उभा केला आणि स्वतः शेजारून सायकल चालवत, एका हाताने त्याला सावरत घरापर्यंत आणला. गल्लीतल्या लोकांना वाटलं, कपाट आलं.

कूलर म्हणजे एक पत्र्याची पेटी. तीन बाजूंना जाळीत लाकडाच्या किसाचं भुसभुशीत गवत भरलेलं, खाली पाण्याची टाकी आणि समोर मोठा पंखा. पंप टाकीतलं पाणी वर चढवायचा, ते गवतावरून झिरपायचं, आणि पंखा त्या ओल्या गवतातून हवा ओढून घरात सोडायचा. खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर तो बसवला. वडिलांनी बटण दाबलं आणि आम्ही सगळे समोर ओळीने उभे राहिलो, फोटो काढायला उभे राहतात तसे.

"दारं-खिडक्या लावून घ्या," वडील म्हणाले. "थंडी बाहेर जाऊन राहिली."

आम्ही सगळं लावून घेतलं. दाराच्या फटीत चादर कोंबली. तासभर मजा वाटली. संध्याकाळपर्यंत बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं, उन्हात कडकडीत वाळवलेले पापड मऊ पडले, आगपेटी पेटेना आणि अंगाला सगळं चिकटायला लागलं. वडील कारागिरावर भडकले. "फसवलं त्यानं मले," असं दहादा म्हणून झालं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काटोलकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. शाळा चौथीपर्यंत. पण विहिरीवरच्या इंजिनाशी खेळत वाढलेली, त्यामुळे यंत्राची भीती तिला कधी वाटली नाही. तिने दाराच्या फटीतली चादर ओढून काढली. मग मागच्या अंगणाची खिडकी तिने सताड उघडली.

"अवं, काय करून राहिली?" वडील ओरडले.

"हवा येऊन राहिली तर तिले जायले जागा नको का?" आई म्हणाली. "भरल्या पोत्यात आणखी गहू कसा जाईल?"

पाच मिनिटांत समोरून मागे गार झुळूक वाहू लागली. वडिलांनी कारागिराबद्दलचे शब्द मागे घेतले. आईबद्दल काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून कूलर लावला की "खिडकी उघडली का?" असं तेच पहिल्यांदा विचारत.

खरी गंमत पुढच्या वर्षी झाली. एप्रिलच्या पहिल्या तापलेल्या दुपारी पंखा फिरला, पण पाणी चढेना. पंप मुका. नागपुरात कूलरवाल्या मिस्त्रीला हिवाळ्यात कुणी ओळख दाखवत नाही, पण एप्रिलात तो नवरदेव असतो. आमचा मिस्त्री तिसऱ्या दिवशी आला. साठीचा माणूस, डोक्याला ओला दुपट्टा. दहा मिनिटांत पंप सुरू करून तो गेला. आई त्या दहा मिनिटांत त्याच्या खांद्यामागून हलली नाही. आठवड्याभराने पंप पुन्हा बसला, तेव्हा निरोप देऊनही मिस्त्री चार दिवस फिरकला नाही. पाचव्या दिवशी आईने प्लग काढला आणि कूलर खोलला.

वडील जेवायला घरी आले तेव्हा अंगणात कूलरचे सगळे अवयव पसरले होते. पंपाची लांब दांडी आणि तिच्या टोकाची छोटी चकती आईने स्वयंपाकाच्या पातेल्यात, चिंचेच्या कोळात बुडवून ठेवली होती.

"हे काय? वरण आहे का?"

"क्षार चढला तिच्यावर, म्हणून फिरत नाही. तांब्याची भांडी चिंचेनं निघतात, मग हे काहून नाही निघणार?"

निघालं. चकतीवरचा पांढरा थर जुन्या टूथब्रशने घासला तसा सुटत गेला. दुपारी चारला आईने सगळं परत जोडलं. एक स्क्रू उरला, तो तिने पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकला. प्लग लावला आणि पाणी झरझर खाली आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या दोन दिवस टिकल्या. शेजारच्या काकू भाजी निवडायला आमच्याकडे येत. त्या भाजी धुऊन तशाच ओल्या हातांनी कूलरसमोर गेल्या आणि गारवा घ्यायला त्यांनी जाळीवर हात ठेवला. त्यांचा हात झटका बसून मागे आला आणि त्या पलंगावर कोसळल्या. पालकाच्या जुड्या खोलीभर. करंट लागला होता. नशिबाने हाताला झिणझिण्या येण्यापलीकडे काही झालं नाही. पण आई पांढरीफटक पडली. उरलेला तो स्क्रू अर्थिंगच्या तारेचा होता. तार पत्र्याला जोडायची राहून गेली होती.

आईने कूलर बंद केला. दोन दिवस ती धड जेवली नाही. काकू स्वतः येऊन म्हणाल्या, "अवं, मी मेली नाही ना! कायले एवढं मनाले लावून घेतं?" आई नुसतं "माझ्यानं चूक झाली" म्हणायची. वडिलांनी शहाणपण दाखवलं. ते रागावले नाहीत. पण आता तिने पुन्हा स्क्रू फिरवायचा पेचकस हातात घ्यायचा नाही, असं मात्र सांगून टाकलं.

तिसऱ्या दिवशी आई मला घेऊन महालात गेली, मिस्त्रीच्या दुकानात. अरुंद गल्लीत त्याने रस्त्यापर्यंत कूलर मांडले होते. आईने काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मले नीट शिकवा. अर्धवट शिकली म्हणून असं झालं."

मिस्त्रीने हातातलं काम बाजूला ठेवलं. "बाई, एवढ्या वर्षांत करंट लागलेले लोक भांडायले आले माझ्याशी. शिकायले कोणी नाही आलं."

मग त्याने तिला स्टुलावर बसवलं. पहिल्या दिवशी त्याने पंपाला हातच लावू दिला नाही. आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करायचं नाही. पायात रबरी चप्पल. हात कोरडे. सगळ्यात शेवटी अर्थिंगची तार, आणि ती हाताने ओढून बघायची. हे त्याने तिच्याकडून, आणि शेजारी बसलेल्या माझ्याकडूनही, शाळेतल्या पाढ्यासारखं म्हणवून घेतलं. पंधरा-वीस दिवस आई एक दिवसाआड सकाळी महालात जात होती. वडिलांना ती "बहिणीकडे जाते" असं खोटं सांगायची नाही. सरळ सांगायची, "मिस्त्रीकडे जाऊन राहिली." ते वर्तमानपत्रामागून हुं म्हणत.

त्यानंतर आमच्या गल्लीतले कूलर आईकडे येऊ लागले. म्हणजे कूलर जागेवरच, आई जायची. पदर खोचलेला, हातात पावडरचा डबा, त्यात पेचकस, पक्कड, जुना टूथब्रश. चौकातले पुरुष सुरुवातीला हसायचे. त्यांच्या बायकांनीच मग आईला बोलावलं.

मी त्या वर्षी कॉलेजात गेले होते, आणि मला याची लाज वाटायची. एकदा वर्गातल्या दोन मुली घरी आल्या. आई नेमकी स्टुलावर उभी राहून कंबरेपर्यंत कूलरात शिरली होती. "तुझी आई काय करून राहिली वं?" एकीने विचारलं.

"काही नाही. साफसफाई," मी म्हणाले. "मिस्त्री येणार आहे."

आईने आतून ऐकलं. ती बाहेर आली, हात पुसले, दोघींना पन्हं दिलं आणि मिस्त्रीची वाट बघत असल्यासारखी फाटकाकडे नजर टाकून आत गेली. माझं खोटं तिने सांभाळून घेतलं. तिने मला नंतरही काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच वर्षी नवतपा लागला. मे महिन्याच्या शेवटचे ते नऊ दिवस नागपुरात माणूस कामाशिवाय उंबरठा ओलांडत नाही. सकाळी अकराच्या सुमाराला पलीकडच्या घरातली आजी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन धावत आली. तिची सून सहा दिवसांपूर्वी बाळंत झाली होती. मुलगी दिवस भरायच्या आधीच झालेली, अगदी इवलीशी. त्यांचा कूलर बंद पडला होता.

"पोरगी लाल लाल होऊन राहिली वं," आजी रडायला आली होती. "दूध ओढून नाही राहिली."

आई डबा घेऊन निघाली. मीही गेले. खोली भट्टीसारखी तापली होती. बाळंतीण पदराने वारा घालत बसली होती आणि तिच्या मांडीवरचं बाळ रडतही नव्हतं. आईने सुनेला ओल्या फडक्याने बाळाचे हातपाय हलकेच पुसायला सांगितलं, प्लग काढला आणि पंप बाहेर ओढला. नाकाशी नेऊन वास घेतला.

"मोटर जळली. हे चिंचेचं काम नाही." ती माझ्याकडे वळली. "जा, आपला पंप काढून आण. दोघांचे कूलर एकाच कारागिराचे आहेत, बसते."

"मले नाही येत काढता."

"एवढ्या वेळा पाहिलं ना? आधी प्लग. पळ."

मी पळाले. प्लग काढला. दोन स्क्रू सोडवताना एक टाकीत पडला, तो चाचपून काढला. पंप छातीशी धरून मी रस्त्यावर आले आणि अर्ध्या वाटेत कळलं की पायात चप्पल नाही. डांबर मऊ झालं होतं. परत फिरावं की पुढे जावं, याचा विचार करायलासुद्धा तिथे उभं राहवेना. उड्या मारत मी त्या घरात शिरले.

आईने पंप बसवला, नळी जोडली आणि शेवटी अर्थिंगची तार दोनदा ओढून पाहिली. मागची खिडकी उघडायला सांगितली. कूलर सुरू झाला. पंधरा-वीस मिनिटं गेली. मग बाळाने तोंड वाकडं केलं आणि असा टाहो फोडला, की आजी देवाचं नाव घेत मटकन खाली बसली. थोड्या वेळाने ते दूध प्यायला लागलं.

तेव्हा कुठे आईचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. तळव्यांना फोड आले होते. "चप्पल कुठं आहे तुझी? काय पाठ केलं होतं?" सगळ्यांसमोर तिने मला झापलं. मग मांडीवर पाय घेऊन, त्याच ओल्या फडक्याने ते पुसले.

वडील दुपारी घरी आले. कूलरचं बटण दाबलं तर नुसती गरम हवा. आईने सांगितलं.

"आपला पंप देऊन टाकला? मग आपण काय करायचं?"

"आपल्याले सवय आहे. ते पोर सहा दिवसाचं आहे."

वडिलांनी आपला गमछा बादलीत बुडवला, डोक्यावर घेतला आणि जेवायला बसले. नवतप्यात अख्ख्या शहरात पंप मिळेना. आमचे ते नऊ दिवस तसेच गेले, ओल्या चादरी टांगून आणि फरशीवर पाणी मारून. माझे पाय बरे होईपर्यंत बादल्या वडिलांनी उचलल्या. चौकात कुणी हसलं तर ते म्हणत, "बाई मिस्त्री आहे घरी, पण पंप नाही." हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढलेला असे.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. वर्गातली तीच मैत्रीण म्हणाली की त्यांच्या घरचा कूलर करंट मारतो आणि मिस्त्री भेटत नाही. मी म्हणाले, "प्लग काढून ठेवा. माझी आई येईल. ती दुरुस्त करते." मैत्रिणीने विचारलं, "त्या दिवशी तेच करून राहिली होती का?" मी हो म्हटलं. आम्ही दोघी सायकलींवर घरी आलो आणि आईला डबल सीट बसवून नेलं.

पुढचे सात-आठ उन्हाळे आईने हे काम केलं. दुकान वगैरे कधी टाकलं नाही. तिला विचारलं तर म्हणायची, मग हिवाळ्यात काय करू? लोक आंबे आणून देत, कुणी शेतातली तूर. पलीकडची ती मुलगी तोवर आमच्याच अंगणात धावू लागली होती आणि आईच्या डब्यातला पेचकस पळवायची.

एका मे महिन्यात महालातला मिस्त्री सायकल हातात धरून चालत आमच्या फाटकाशी आला. कॅरिअरला दोन पंप बांधलेले.

"बाई, हे दोन पाहून द्या ना. बारीक तार आता दिसून नाही राहिली मले. डोळ्याचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात."

आईने त्यांना आत बोलावलं, कूलरसमोरच्या आरामखुर्चीत बसवलं, पन्हं दिलं. ती पंप खोलत होती आणि ते डोळे मिटून सूचना देत होते. लाकडाचं गवत बरं की वाळा, यावर दोघांचा वाद झाला. वाळ्याचा वास चांगला पण पाणी नीट धरत नाही, असं आईचं मत. "तुम्ही मलेच शिकवता का आता?" मिस्त्री म्हणाले, पण हसून. थोड्या वेळाने सूचना थांबल्या. आईने मागे वळून पाहिलं, तर ते खुर्चीत गाढ झोपले होते.

आईने दोन्ही पंप पूर्ण केले, कापडात गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवले आणि आम्हाला बजावलं, "उठवू नका कोणी. ऊन उतरू द्या."